नवें यंत्र जागें होत नाहीं तेव्हां

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतून संगणक तयार विकत न आणतां त्याचे निरनिराळे भाग पारखून घ्यावयाचे आणि ते घरींच जोडावयाचे, अशी चाल पडत चालली आहे. ही चाल आम्हांस मनापासून आवडते. तयार यंत्र घेणाऱ्यास आपल्या पैशांत काय काय आलें हें पेटी उघडल्यावांचून समजत नाहीं, आणि पेटी उघडली तर हमी जाईल या भीतीनें तो ती जन्मांत उघडीत नाहीं. उलट घरीं जोडणाऱ्या मुलास प्रत्येक भागाचें नांव, काम आणि किंमत तोंडपाठ असते. परंतु या चालीबरोबर एक नवें संकटही घरांत आलें आहे. आठ दिवस खोक्यांमागून खोकीं येतात. रविवारीं दुपारीं सतरंजीवर मांडामांड होते. मुलें दोन-तीन तास माना खालीं घालून स्क्रू पिळीत बसतात. घरांतील लहानथोर मंडळी भोंवतीं गोळा होतात. कळ दाबली जाते, आणि कांहींच होत नाहीं. किंवा पंखे फिरतात, पण पडदा काळा तो काळाच राहतो.

अशा वेळीं घरांत ताबडतोब दोन पक्ष पडतात. एकाचें म्हणणें, दुकानदारानें फसविलें. दुसऱ्याचें म्हणणें, पोरानें बिघडविलें. कदाचित् अजून कांहींच बिघडलेलें नसेल, हा तिसरा पक्ष घेणारा मनुष्य सहसा सांपडत नाहीं. आणि पुष्कळदां खरा पक्ष तोच असतो. नव्या जोडलेल्या यंत्रांत सर्व भाग निर्दोष असूनही यंत्र मुकें राहूं शकतें, ही गोष्ट वडील मंडळींच्या ध्यानांत आली तर किती तरी घरांतील रविवारची संध्याकाळ सुखाची जाईल.

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि पुढचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां विजेच्या यंत्राविषयीं लिहिण्याचा आमचा अधिकार कोणता, असें कोणी विचारील. विद्युच्छास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. यंत्राविषयींचें जें ज्ञान आहे तें मुलांजवळ बसून आणि त्यांच्या पुस्तिका चष्मा लावून वाचून मिळविलेलें आहे. परंतु दोष हुडकून काढणें हें एक निराळेंच शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राचे नियम आपल्या नैयायिकांनीं संगणक निघण्याच्या कित्येक शतकें आधीं घांसूनपुसून ठेविले आहेत.

प्रथम, कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षरें उमटेपर्यंत काय घडतें तें पाहूं. भिंतींतील २३० व्होल्टांची वीज एसएमपीएस नांवाच्या पेटींत जाते. ही पेटी तिचें १२, ५ आणि ३.३ व्होल्टांच्या सौम्य विजेंत रूपांतर करते. पेटीच्या पाठचें बटण चालू असेल तर, यंत्र झोंपलेलें दिसत असतांही, ५ व्होल्टांची एक बारीक धार मदरबोर्डाकडे अखंड वाहत असते. देवडीवरच्या पहारेकऱ्याप्रमाणें ती धन्याच्या हांकेची वाट पाहते. पुढची कळ दाबली म्हणजे बोर्डावरच्या दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींस जोडल्या जातात. बोर्ड एसएमपीएसला उठावयास सांगतो. सर्व व्होल्टेजें ठीक स्थिरावलीं असा निरोप पेटीकडून उलट येतो, आणि तो आल्यानंतरच प्रोसेसर कामास लागतो. त्यास स्वतःचें असें कांहींच ठाऊक नसतें. बोर्डावरच्या एका लहानशा चिपमध्यें लिहून ठेवलेल्या सूचना तो वाचूं लागतो. या सूचनांचें जुनें नांव बायॉस. नव्या पद्धतीस यूईएफआय म्हणतात, तरी बोलण्यांत जुनेंच नांव टिकून आहे. त्या सूचनांप्रमाणें आधीं रॅमची, मग चित्र दाखविणाऱ्या भागाची विचारपूस होते आणि सरतेशेवटीं डिस्कवर असलेल्या विंडोजला किंवा लिनक्सला हांक जाते. या साऱ्या क्रियेस बूट होणें म्हणतात. आपल्याच बुटाच्या पट्टीस धरून आपणच आपणांस वर उचलावें, अशी जी अशक्य गोष्ट इंग्रज लोक बोलण्यांत आणतात, तिच्यावरून हा शब्द निघाला. अजाण प्रोसेसर स्वतःस शिकवून उभा राहतो, हें पाहिलें म्हणजे नांव अगदींच वाईट दिलें असें वाटत नाहीं.

या क्रियेचे टप्पे एकदां मनांत ठसले म्हणजे “बंद आहे” या एका वाक्यानें किती निरनिराळ्या अवस्था सांगितल्या जातात तें कळतें. कांहींच हालचाल नसणें ही एक अवस्था. पंखा क्षणभर हलून थांबणें ही अगदीं दुसरी. पंखे सुखेनैव चालत असून पडदा काळा असणें ही तिसरी. पडद्यावर अक्षरें येऊन डिस्क सांपडत नाहीं अशी तक्रार दिसणें ही चौथी. आणि हिला आम्ही बिघाड म्हणतच नाहीं. वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं “पोट दुखतें म्हणजे नेमकें कोठें दुखतें?” असें विचारतो. येथेंही तोच पहिला प्रश्न.

कांहींच हालचाल नसेल तर सूचीकटाह न्याय लावावा. लोहाराकडे एकानें कढई मागितली आणि दुसऱ्यानें सुई, तर शहाणा लोहार सुई आधीं करून देतो. तसें फुकटचें व सोपें तें आधीं पाहावें. भिंतीवरचें बटण चालू आहे काय? त्याच सॉकेटांत टेबलावरचा दिवा लागतो काय? एसएमपीएसच्या पाठीवर एक लहान बटण असतें. त्याच्या एका अंगास रेघ आणि दुसऱ्यास शून्य काढलेलें असतें. रेघेची बाजू दाबलेली असेल तरच वीज आंत जाते. हें बटण विसरल्यामुळें दुकानापर्यंत जाऊन आलेलीं यंत्रें आहेत. त्यानंतर बोर्डाच्या कडेचें चोवीस पिनांचें मोठें जोड पाहावें. नव्या बोर्डावर तें इतकें घट्ट असतें कीं, बसलें असें वाटून अर्धवट राहतें. आंकडा ‘टक्’ असा आवाज करून अडकला तरच तें बसलें. शेवटीं पुढच्या कळीची तार. बोर्डाच्या खालच्या कोंपऱ्यांत नऊ पिनांची एक जुडी असते आणि तिच्यांतील दोनच पिना या कळीच्या असतात. शेजारच्या जोडींत तार गेली तर कळ दाबून दाबून बोट दुखेल, यंत्र उठणार नाहीं. कळीवर संशय असेल तर पुस्तिकेंतील चित्र पाहून त्या दोन पिनांस स्क्रूड्रायव्हरच्या टोंकानें क्षणभर एकत्र शिवावें. येथें भय धरण्यासारखी वीज नसते. यंत्र उठलें तर कळ दोषी, बोर्ड निर्दोष.

पंखे चालतात आणि पडदा काळा राहतो, ही अवस्था सर्वांत अधिक आढळते व तिचीं कारणेंही पुष्कळ आहेत. त्यांतलें पहिलें अगदीं हास्यास्पद आहे: निराळें ग्राफिक कार्ड बसविलेलें असतां मॉनिटरची तार मात्र बोर्डाच्या पाठीवरील भोंकांत घातलेली असते. ती कार्डाच्या भोंकांत पाहिजे. याच्या उलट प्रकारही होतो. कार्ड घेतलेलें नसतें, तार बोर्डांत असते, आणि प्रोसेसर चित्र काढण्याची शक्ति नसलेला निघतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाअखेर ‘एफ्’ असतो त्यांस ही शक्ति नसते. एएमडीच्या रायझेन ५००० पर्यंतच्या पिढ्यांत ज्यांच्या नांवांत ‘जी’ आहे त्यांसच ती होती. २०२२ च्या ७००० मालिकेपासून बहुतेकांस कामापुरती देण्यांत आली. तेव्हां एका अक्षरासाठीं सारें घर रात्रभर जागें राहूं शकतें. व्याकरण शिकविणाऱ्यास याचें नवल वाटूं नये.

दुसरें कारण, प्रोसेसरच्या विजेचें जोड. बोर्डाच्या वरच्या कोंपऱ्यांत, प्रोसेसरच्या शेजारीं, आठ पिनांचें एक निराळें जोड असतें. तें पुष्कळ मुलें विसरतात, कारण चोवीस पिनांचें मोठें जोड बसविल्यावर आतां सर्व वीज मिळाली असें वाटतें. तें न जोडलें तर पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि प्रोसेसर उपाशीच राहतो. ग्राफिक कार्डाच्या विजेचें जोडही आठ पिनांचेंच असतें. पण एक चार अधिक चार असें दुभंगतें आणि दुसरें सहा अधिक दोन असें. एकाच्या जागीं दुसरें जाऊं नये म्हणून त्यांचे आकार भिन्न केलेले असतात. तरी बळ करणाऱ्यांपुढें आकाराचें कांहीं चालत नाहीं.

तिसरें कारण रॅम. तिची पट्टी खांचेंत नीट उतरण्यास जितका जोर लागतो तितका नव्या यंत्रावर करण्याचें मुलांस धैर्य होत नाहीं. दोन्ही टोंकें आळीपाळीनें, आंकडा आपोआप मिटेपर्यंत दाबावीं. पट्ट्या दोन असतील तर बहुतेक चार खांचांच्या बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खांचेंत घालावयाच्या असतात. संशय आला म्हणजे एकच पट्टी ठेवून पाहावी, मग दुसरी. येथें मात्र स्थालीपुलाक न्याय उपयोगी नाहीं. हंडींतील एक शीत शिजलें म्हणजे भात शिजला हें खरें. परंतु एक पट्टी चांगली म्हणून तिची जोडीदारीण चांगली असें होत नाहीं.

या प्रकरणांत उतावीळपणानें घात होतो असें एक ठिकाण आहे. डीडीआर ५ जातीची रॅम पहिल्यांदां घातली म्हणजे बोर्ड तिची चाल जुळवून घेण्यास वेळ घेतो. कधीं कांहीं मिनिटें पडदा काळा राहतो. या वेळांत कोणी घाबरून वीज बंद केली तर सारी जुळणी पुन्हां पहिल्यापासून. अशा वेळीं घरांतील कोणी तरी चहा टाकावा, आणि चहा पिऊन होईपर्यंत कळीस कोणीं हात लावूं नये.

यंत्र मुकें असलें तरी आपल्यापरीनें बोलत असतें. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला तेव्हां आंतली तपासणी नीट पार पडली म्हणजे तो एक आंखूड ‘बीप’ करी, आणि बिघाड असेल तर निराळ्या तऱ्हेनें ओरडे. आतां पुष्कळ बोर्डांबरोबर शिट्टी येतच नाहीं. ती बाजारांत निराळी मिळते व अगदीं स्वस्त असते. तिच्याऐवजीं बऱ्याच बोर्डांच्या कडेस चार बारीक दिवे असतात. त्यांजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशीं नांवें छापलेलीं असतात. तपासणी ज्या पायरीवर अडली त्या पायरीचा दिवा लागून राहतो. एवढें स्पष्ट उत्तर यंत्र देत असतां लोक तिकडे न पाहतां शेजारच्या मुलास फोन करतात, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें.

आतां पंखा क्षणभर हलून थांबतो ती अवस्था. हिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण ती आमच्याच घरांत घडली.

आमच्या पुतण्याची मुलगी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षांत शिकते. तिला मोठे नकाशे काढण्यासाठीं दणकट यंत्र हवें होतें. तिच्या शिष्यवृत्तीचे पैसे, दोघां काकांनीं दिलेले आणि आमच्या पेन्शनींतले थोडे मिळून साठ हजारांच्या घरांत रक्कम जमली, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आले. पैसे वांचावे म्हणून कॅबिनेट तेवढें नवें न घेतां, तिच्या वडिलांच्या पंधरा वर्षांपूर्वींच्या संगणकाचें माळ्यावर पडलेलें होतें तेंच पुसून घेतलें. जोडणी तिनें एकटीनें केली. कळ दाबली तेव्हां प्रोसेसरवरचा पंखा पाव फेरा फिरला आणि थांबला. पुन्हां दाबावी तर कांहींच नाहीं. पाठचें बटण बंद करून मिनिटभरानें लावावें व मग दाबावी, तर पुन्हां तोच पाव फेरा.

तिचे थोरले काका म्हणाले, “अगं, हें घरांत बसून करण्याचें कामच नव्हे. सारें परत करून टाक आणि कंपनीचें तयार घे.” दुकानदारानें फोनवर सांगितलें कीं बोर्ड गेला असेल, पाठवून द्या, मात्र सॉकेटांतल्या पिना वाकलेल्या निघाल्या तर जबाबदारी आमची नाहीं. परत करण्याची मुदत सात दिवसांची, आणि तिच्यांतले चार दिवस संपले होते. तिचे नकाशे महाविद्यालयांत देण्यास बारा दिवस उरले होते. शिवाय, कोणी बोलून दाखविलें नाहीं तरी, या घरांत यापुढें तिच्या हातीं असें कांहीं विश्वासानें दिलें जाईल कीं नाहीं हेंही त्या पाव फेऱ्यावर लटकलेलें होतें. पोर त्या रात्रीं धड जेवली नाहीं.

जेवणें झाल्यावर ती आमच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “आजोबा, बोर्डच गेला असेल का हो?”

आम्हीं विचारलें, “हे सारे भाग पेटीच्या बाहेर एकत्र मांडून कधीं चालविले होतेस काय?”

“नाहीं.”

“मग बोर्ड गेला, हें कोणत्या प्रमाणावरून म्हणावयाचें?”

दुकानदाराचा शब्द हें आप्तवाक्य होतें खरें, पण त्यानें बोर्ड पाहिला नव्हता. अनुमान करावयाचें तर अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहिजेत, हें आमचे विद्यार्थी पाठ म्हणत असत. जेथें कारण असतें तेथें कार्य असतें, हा अन्वय. जेथें कारण नसतें तेथें कार्यही नसतें, हा व्यतिरेक. बोर्ड असतां यंत्र चालत नाहीं, एवढा अन्वय सर्वांजवळ होता. परंतु तसें पाहतां एसएमपीएस असतां, कॅबिनेट असतां आणि थोरले काका घरांत असतांही तें चालत नव्हतें. व्यतिरेक कोणींच पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें सर्व उतरविलें. प्रोसेसर काढून सॉकेटांतल्या पिना खिडकीच्या तिरप्या उजेडांत, तांदूळ निवडतांना ताट जसें कलतें करून पाहतात तसें करून, भिंगानें पाहिल्या. (इंटेलनें २००४ सालीं पिना प्रोसेसरावरून काढून सॉकेटांत आणल्या, एएमडीनें २०२२ सालीं, त्यामुळें पूर्वीं प्रोसेसर जपावा लागे, आतां बोर्ड जपावा लागतो.) एकही पीन वांकलेली नव्हती. मग बोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आला होता त्याच खोक्यावर तो ठेवला. प्रोसेसर, त्याच्यावरचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस, एवढेंच जोडलें. ग्राफिक कार्ड, डिस्क, सारें बाजूस ठेवलें. कळीच्या दोन पिनांस स्क्रूड्रायव्हर लावला. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. मिनिटभरानें पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचें नांव उमटलें.

येथें तिला इतका आनंद झाला कीं ती लगेच सर्व कॅबिनेटांत भरूं लागली. आम्हीं तिला थांबविलें. खोकें आणि कॅबिनेट यांत फरक एकच नव्हता, दोन होते. कॅबिनेटांत पुढच्या कळीच्या तारा होत्या, आणि मागें लोखंडी पत्रा होता. दोन्ही एकदम बदलून यंत्र पुन्हां बंद पडलें असतें तर दोष कोणाचा हें कळलें नसतें. आणि चालू झालें असतें तर तें काकतालीय झालें असतें: कावळा बसावयास आणि ताड पडावयास एक गांठ. म्हणून बोर्ड खोक्यावरच ठेवून, कॅबिनेट जवळ ओढून, तिनें फक्त कळीच्या तारा जोडल्या. यंत्र चाललें. म्हणजे तारा सुटल्या, उरला पत्रा.

कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड टेंकवीत नाहींत. मध्यें पितळेच्या लहान खुंट्या असतात, त्यांस स्टँडऑफ म्हणतात. बोर्डाच्या छिद्राखालीं एकेक खुंटी, आणि तिच्यांत स्क्रू. तिनें दिवा आंत धरून खुंट्या मोजल्या. बोर्डास छिद्रें आठ होतीं, आणि खुंट्या नऊ. वडिलांच्या जुन्या बोर्डाची मांडणी निराळी होती. त्याची एक खुंटी तशीच राहिली होती, आणि तिच्यावर नव्या बोर्डांत छिद्रच नव्हतें. बोर्ड उलटा करून पाहिला तों, बरोबर त्या जागीं, डागकामाच्या टोंकांजवळ बारीक गोल ओरखडा उठलेला. कळ दाबतांच वीज त्या पितळेंतून पत्र्यांत उतरे, आणि एसएमपीएस आपल्या रक्षणाच्या योजनेनें क्षणांत बंद होई. पाव फेऱ्यांत त्यानें बोर्डाचे प्राण वांचविले होते. नववी खुंटी पकडीनें काढली, बोर्ड बसविला, आणि दहा वाजेपर्यंत विंडोज घालणें सुरू झालें.

बोर्ड चांगला होता, एसएमपीएस चांगला होता, आणि तें जुनें कॅबिनेटही आपल्यापरीनें निर्दोषच. पंधरा वर्षें त्यानें एक यंत्र सांभाळलें होतें. दोष संयोगांत होता. चौदा माणसांच्या कुटुंबांत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांस याची अधिक फोड करून सांगण्याची जरूर नाहीं. थोरल्या काकांनीं आपलें मत मागें घेतलें असें आम्हीं ऐकलें नाहीं. मात्र दुसऱ्या दिवशीं कचेरींतून येतांना त्यांनीं तिच्यासाठीं उत्तमपैकीं स्क्रूड्रायव्हरांचा एक संच आणला. असो.

सर्व भाग निर्दोष असून न चालण्याचा आणखी एक प्रकार आहे. बोर्ड आधीं निघालेला असतो आणि प्रोसेसर मागाहून. सॉकेट एकच, म्हणून तो बसतो. परंतु बोर्डाच्या बायॉसला त्याची ओळखच नसते. २०१८ सालीं एएमडीनें चित्रशक्ति असलेले नवे रायझेन काढले तेव्हां आधल्या वर्षाच्या बोर्डांवर हें पुष्कळ ठिकाणीं झालें. बायॉस नवें केलें म्हणजे काम भागे. पण तें नवें करण्यास यंत्र चालू पाहिजे, आणि यंत्र चालू होण्यास बायॉस नवें पाहिजे. नैयायिक यास अन्योन्याश्रय म्हणतात. तो मोडण्यासाठीं त्या कंपनीनें अडलेल्या गिऱ्हाइकांस एकेक जुना प्रोसेसर उसना पाठविण्याची सोय केली; बायॉस नवें करून प्रोसेसर परत करावयाचा. शेजारणीकडून विरजण आणण्यासारखीच ही गोष्ट. आतां बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर नसतांही पेन ड्राइव्हवरून बायॉस घेण्याची कळ असते. बोर्ड घेतांना ती आहे काय तें पाहावें.

पडद्यावर अक्षरें आलीं आणि बूट करण्याजोगी डिस्क नाहीं असें लिहिलें असेल, तर पेढे वांटण्यास हरकत नाहीं. नवी डिस्क कोरीच असते. तिच्यावर अजून कोणीं कांहीं लिहिलेलें नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. पेन ड्राइव्हवरून विंडोज किंवा लिनक्स घालावें.

आतां वडील मंडळींनीं स्वतः लक्ष घालावें अशा दोन गोष्टी. जुन्या वाड्यांत भिंतीवरच्या सॉकेटास भोंकें तीन असतात, पण मोठ्या भोंकामागें अर्थिंगची तार पुष्कळदां नसतेच. अशा ठिकाणीं यंत्र चालतें, परंतु अनवाणी पायांनीं कॅबिनेटास हात लावला कीं झिणझिण्या येतात. ती यंत्राची खोड समजून सोडून देऊं नये. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावें. दुसरें, एसएमपीएसची पेटी कोणीं, कोणत्याही कारणानें, उघडूं नये. वीज काढून घेतल्यावरही तिच्या आंतल्या कपॅसिटरांत कांहीं काळ घातक साठा राहतो. ती बिघडली तर बदलावयाची, दुरुस्त करावयाची नाहीं. थंडीच्या कोरड्या दिवसांत जोडणी करतांना अंगावर लोकरीची किंवा कृत्रिम धाग्याची शाल नसावी, आणि भागांस हात लावण्यापूर्वीं कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्यास स्पर्श करावा. अंगावरची स्थिर वीज तेथें उतरते.

इतकें करूनही यंत्र उठलें नाहीं आणि एखादा भाग खरोखरच वाईट ठरला, तर काय काय करून पाहिलें आणि काय घडलें हें एका कागदावर क्रमानें लिहून तो कागद दुकानांत न्यावा. “चालत नाहीं” म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षां अशा गिऱ्हाइकाशीं दुकानदार निराळ्या स्वरांत बोलतो. आणि माळ्यावर जागा नाहीं म्हणून मुदत संपण्यापूर्वीं खोकीं रद्दीवाल्यास देण्याची घाई करूं नये. विशेषेंकरून, बोर्डाच्या सॉकेटावर जें प्लॅस्टिकचें लहान झांकण येतें तें जपून ठेवावें. तें दिसावयास अगदीं कचऱ्यासारखें असतें, पण त्याच्यावांचून बोर्ड परत घेण्यास दुकानदार नकार देऊं शकतो.